व्ही८ का व्ही६ ते नंतर बघू, आधी इंजिनाचा ब्लॉक नीट धुतला होता का ते सांगा

मोठी पोस्ट आहे, पण बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून आज लिहूनच टाकतो.

इथे टेक्ससमध्ये शनिवारी सकाळी आम्ही पाच-सहा पिकअप ट्रकवाले जमतो, मी आणि सांगलीचा एक मित्र असे दोघं मराठी, एक पंजाबी, बाकीचे इथलेच. टेलगेट, म्हणजे ट्रकचं मागचं फाळकं, खाली पाडायचं, त्यावर कॉफी घेऊन बसायचं. गप्पा कुठूनही सुरू होऊ देत, पावसापासून नाहीतर पोरांच्या शाळेपासून, अर्ध्या तासात गाडी टुंड्रावर, म्हणजे टोयोटाच्या मोठ्या पिकअपवर, येतेच. टोयोटाने २०२२ ला टुंड्रा नव्याने आणली तेव्हा ५.७ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, कायमचं बंद केलं आणि त्या जागी सहा सिलिंडरचं, हवा दाबून भरणारे दोन टर्बो असलेलं ट्विन टर्बो व्ही६ बसवलं, ते बरोबर केलं का वाटोळं केलं. एवढ्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. मागच्या शनिवारी आमच्यातले दोघं एकमेकांशी न बोलता घरी गेले, वीस वर्षांचे शेजारी आहेत ते.

मी व्ही८वालाच आहे हे आधी सांगतो. माझी टुंड्रा २०१४ ची, सेकंडहँड घेतलेली, आता १ लाख ६० हजार मैल झालेत. थंडीत सकाळी किल्ली फिरवली की तो खर्जातला आवाज येतो ना, तो ऐकला की मला आजही बरं वाटतं. ३८१ हॉर्सपॉवर, ४०१ पाउंड-फूट टॉर्क, सहा गिअर, टर्बो नाही, साधं सरळ इंजिन. लुइझियानातल्या एका माणसाने २००७ ची टुंड्रा दहा लाख मैल चालवली, २०१६ मध्ये टोयोटाने ती अभ्यासासाठी परत घेतली आणि त्याला नवी कोरी दिली, ही गोष्ट इथे ट्रकवाले देवाच्या कथेसारखी सांगतात. ज्या गाडीचं असं नाव, तिचं इंजिनच बदललं तर लोकांच्या पोटात कालवणारच, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पण व्ही६ मुळातच कमअस्सल आहे असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही, कारण मी ते डोळ्यांनी बघितलंय. मागच्या वर्षी जुलैत मी आणि सांगलीवाला सहकुटुंब कोलोरॅडोला गेलो, दोघांच्याही मागे साधारण साडेसहा हजार पाउंडांचा कॅम्पर, माझं जुनं व्ही८ आणि त्याचं नवीन व्ही६. डेन्व्हर सोडून आय-७० हायवेने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढायला लागलो. तो बोगदा ११ हजार फुटांवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद हजार फुटांमागे साधारण ३ टक्के कमी होते, हवाच विरळ, त्याला कोण काय करणार, म्हणजे वर पोचेपर्यंत माझ्या ३८१ मधले शंभरच्या वर गळालेले. मी सेकंड गिअरमध्ये, साडेचार हजार आरपीएम, उजव्या लेनला हॅझार्ड लावलेल्या मालट्रकांच्या मागे ताशी ४० मैलांनी. आणि तो डावीकडून, इंजिन जेमतेम २,५०० वर, शांतपणे पुढे निघून गेला. त्या इंजिनाचा ४७९ पाउंड-फूट टॉर्क २,४०० आरपीएमलाच हातात येतो, माझ्या गाडीला ४०१ साठी ३,६०० पर्यंत ओढावं लागतं. टर्बो विरळ हवाही दाबून भरतो, वर दहा गिअर. कंपनीने ओढायची मर्यादा १०,२०० वरून १२,००० पाउंड केली ती उगाच नाही. मायलेजचं मात्र फार कौतुक करू नका, कॅम्पर मागे असताना दोघांनाही गॅलनला ९-१० मैलच पडले, रिकामी गाडी हळू चालवली तरच फरक दिसतो.

तर मग भांडण कशावरून आहे, तर रिकॉलवरून. मे २०२४ मध्ये टोयोटाने २०२२ आणि २०२३ च्या टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स (टोयोटाचीच महागडी एसयूव्ही) मिळून साधारण १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या, आणि नंतर जाहीर केलं की त्यांची इंजिनं बदलून देणार. कारण त्यांनीच लिहून दिलंय, इंजिन बनवताना मशिनिंगचा कचरा, म्हणजे धातू कापताना उरलेले कण, आत राहून गेला असू शकतो, तो मेन बेअरिंगला (ज्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो) लागला की इंजिन ठोकायला लागतं नाहीतर चालता चालता बंद पडतं. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी साधारण १ लाख २७ हजार, त्यात २०२४ च्या गाड्या आणि लेक्सस जीएक्ससुद्धा. झालं, व्ही८वाल्यांना हत्यार मिळालं. बघा, आम्ही म्हणत होतो, टर्बो घातला, दोन सिलिंडर कमी केले, म्हणून फुटलं.

नाही हो. कारण वाचा ना नीट. मशिनिंगचा कचरा. तिथे टर्बोचं नाव कुठे आहे?

अमेरिकेत यायच्या आधी मी सात वर्षं भोसरीत एका कंपनीत सिलिंडर ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या, लाइनवर होतो, त्यातली चार वर्षं वॉशिंग आणि क्लीनलिनेसवर. इंजिनाच्या गप्पा मारताना वॉशिंगचं नाव कोणी काढत नाही. हॉर्सपॉवर, टॉर्क, गिअर, सगळं बोलतील. पण ब्लॉकमध्ये तेल फिरायला ऑइल गॅलरी म्हणून जे लांब बोगदे पाडलेले असतात, त्यांना आडवी भोकं येऊन मिळतात, आणि जिथे दोन भोकं एकमेकांना छेदतात तिथे ड्रिल बाहेर पडताना धातूची पातळ कड, बर, लोंबकळत राहते. ती बाहेरून दिसत नाही. ब्रशने, जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने काढायची, मग गरम पाण्याने आणि केमिकलने जॉब (म्हणजे तो ब्लॉक) धुवायचा, वाळवायचा. आणि धुतला हे कशावरून? तर ठरलेल्या जॉबमधून सॉल्व्हंट सोडायचं, खाली जमा करायचं, पांढऱ्या गोल फिल्टर पेपरातून गाळायचं, तो पेपर ओव्हनमध्ये वाळवून मिलिग्रॅममध्ये तोलायचा आणि मायक्रोस्कोपखाली सगळ्यात मोठा कण शोधायचा. मिलीपोअर टेस्ट म्हणतात त्याला. मी असे किती पेपर बघितले असतील त्याला गणती नाही. लोखंडाचा कण काळपट दिसतो, ॲल्युमिनियम लखलखतं, कापडाचा धागा केसासारखा आडवा पडलेला असतो.

एक महिनाअखेर मी विसरूच शकत नाही. डिस्पॅचची घाई, रात्रपाळी, आणि वॉशिंग मशीनच्या टाकीतली फिल्टर बॅग फाटली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे जे पाणी कचरा धुऊन काढणार तेच पाणी कचरा घेऊन परत ब्लॉकमध्ये जात होतं, आणि दोन नोझल पार चोक. टेस्ट पाळीला एकच जॉबची, ती पाळीच्या सुरुवातीलाच झालेली, पास. आठवड्याभराने गिऱ्हाइकाकडे टेस्टिंगला लावलेलं एक इंजिन जाम झालं. सगळा लॉट परत आला. आमच्या लाइनवर एक मामा होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, त्यांनी सळईला पांढरं कापड गुंडाळलं, गॅलरीत एका टोकाने घातलं आणि फिरवत फिरवत दुसऱ्या टोकाने काढलं. तिसऱ्या का चौथ्या ब्लॉकला कापडावर एक चकचकीत तुकडा आला, कापलेल्या नखासारखा वळलेला. मामांनी तो माझ्या तळहातावर ठेवला, काही बोलले नाहीत. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, मला रडू यायचं बाकी होतं.

आता हे लक्षात घ्या की बेअरिंग आणि क्रँकशाफ्टमधली फट केसाच्या जाडीच्या साधारण निम्मी असते, त्या फटीत तेलाचा पातळ थर, आणि सगळा क्रँक त्या थरावर तरंगतो. तिथे तसा तुकडा गेला तर काय होणार. आणि लोक म्हणतात की ऑइल फिल्टर असतो ना. असतो, पण तेल पंपातून फिल्टरमध्ये जातं आणि फिल्टरमधून मग गॅलरीत. कचरा जर गॅलरीतच बसलेला असेल, म्हणजे फिल्टरच्या पुढे, तर तो आधी बेअरिंग खातो आणि सगळा फेरा मारून मग फिल्टरला सापडतो. गाडी नवीन असताना लवकर तेल बदला हा सल्ला चांगला आहे, मीही तोच देतो, पण त्याने हा रोग बरा होत नाही.

आणि सिलिंडरच्या संख्येवरून भांडणाऱ्यांनी जनरल मोटर्सकडे बघावं. त्यांचं ६.२ लिटरचं व्ही८, टर्बो नाही, जुन्या वळणाचं, आवाज तर काय विचारता. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी अमेरिकेतच जवळपास ६ लाख गाड्या परत बोलावल्या, सिल्व्हराडो, सिएरा, टाहो, एस्कलेड, २०२१ ते २०२४ च्या. कारण काय? कनेक्टिंग रॉडवर आणि क्रँकच्या तेलाच्या वाटांमध्ये राहिलेला गाळ, आणि क्रँकशाफ्टची मापं आणि फिनिश बरोबर नाही. तोच रोग, आठ सिलिंडरमध्ये. ज्यांच्या गाड्या तपासणीत पास झाल्या त्यांना ०डब्ल्यू-२० च्या जागी जाड ०डब्ल्यू-४० तेल भरून दिलं. यावरून लगेच काहींनी पातळ तेलालाच गुन्हेगार ठरवलं, पण माझं जुनं ५.७ पण ०डब्ल्यू-२० वरच चालतंय की. टुंड्राचं इंजिन अलाबामात हंट्सव्हिलला बनतं, म्हणून तिथल्या कामगारांना शिव्या देणारे पण आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो की जुनं व्ही८, ज्याची तुम्ही पूजा करता, तेही त्याच कारखान्यात बनायचं, आणि रिकॉलमधली एलएक्स जपानमध्ये बनते.

तरी व्ही८वाल्यांचं एक म्हणणं मला पटतं, आणि ते मी मागच्या शनिवारी कबूल पण केलं. तेलाचा थर टिकतो तो वेगावर. क्रँक जितका जोरात फिरेल तितका थर जाड. टर्बो इंजिन २,४०० ला पूर्ण जोर लावतं, म्हणजे थर अजून पातळ असतानाच बेअरिंगवर सगळं ओझं येतं. जुनं इंजिन त्याच आरपीएमला आरामात असायचं, एखादा बारीक कण चिरडून पचवून टाकायचं. नवीन इंजिन ते पचवत नाही. म्हणून मला वाटतं की इंजिन बदललं हे चुकलेलं नाही, इंजिन जेवढं कडक केलं तेवढी त्याची धुलाई कडक केली नाही हे चुकलं. ब्लॉक नवीन आणताना वॉशिंगचं मशीन, टेस्ट किती जॉबमागे एक, कणाची मर्यादा किती मायक्रॉन, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं, आणि हाच खर्च सगळ्यात आधी कापला जातो कारण तो ब्रोशरमध्ये छापता येत नाही. मी त्या मीटिंगांना बसलोय.

दुसरी गोष्ट जी मला खरंच खटकते ती हायब्रिडची. टुंड्राच्या हायब्रिडमध्ये, आय-फोर्स मॅक्समध्ये, इंजिन तेच, वर इलेक्ट्रिक मोटर. पण ती ह्या दोन्ही रिकॉलमध्ये नव्हती, कारण इंजिन बंद पडलं तरी मोटरवर गाडी थोडी पुढे जाऊन बाजूला घेता येते. सेफ्टीच्या कायद्याने हे बसतं, मान्य. पण ज्याने जास्त पैसे मोजून हायब्रिड घेतली त्याला एवढंच उत्तर पुरणार आहे का? ह्यावर सगळ्या ट्रकवाल्यांनी एकत्र ओरडायला पाहिजे, आणि आपण बसलोय सिलिंडर मोजत.

रॅम ह्या दुसऱ्या पिकअप कंपनीचं उदाहरण देतात लोक. त्यांनी २०२५ च्या मॉडेलमधून ५.७ चं हेमी नावाचं व्ही८ काढलं, ३ लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो हरिकेन आणलं, ताकद जास्त, ४२० हॉर्सपॉवर, तरी गिऱ्हाइकं रुसली, आणि जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की हेमी परत येतंय, ३९५ हॉर्सपॉवरचं. आवाजासाठी, सवयीसाठी कोणी व्ही८ मागत असेल तर त्याने खुशाल घ्यावं, मी पण त्याच जातीचा आहे. फक्त त्याला टिकाऊपणाचं कारण देऊ नका.

सांगलीवाल्याने ह्या सगळ्या बोलण्याने धसका घेतला होता. मागच्या रविवारी त्याच्या ड्राइव्हवेत आम्ही दोघांनी त्याच्या ट्रकचं तेल बदललं, फिल्टरचा कागद उलगडून घरातल्या पांढऱ्या पंचावर पसरला, आणि टॉर्च तिरपा धरून घडीन् घडी बघितली. मग मॅग्नेट फिरवला. नवीन इंजिनाची असते तेवढी बारीक चमक होती, बोटाला लागेल असं काही नव्हतं. तो विचारत होता, आता निर्धास्त राहू का, आणि मी त्याला हो म्हणालो नाही, पुढच्या वेळी पाच हजार मैलांवर परत बघू म्हणालो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर तारीख आणि मैल लिहिले, आणि त्याच्या गॅरेजच्या फळीवर आधीच्या पिशवीशेजारी ठेवून दिला.