‘रेशीम’ म्हटल्याबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. समुद्रात नळी बांधून राहणाऱ्या अँफिपॉडांवरच्या (कोळंबीच्या नात्यातले बारीक कवचधारी प्राणी) माझ्या लेखाखाली तुम्ही काल रात्री चार आक्षेप नोंदवलेत. ज्यांनी ते वाचले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात देतो. अँफिपॉडांच्या वर्गीकरणावरच्या बॉसफील्ड आणि हूवर यांच्या कामाचं साल चुकलंय. नळीत राहणं ही सवय आहे, वर्गीकरणाचा पाया नव्हे. कॅप्रेला हा काडीसारखा अँफिपॉड नळी बांधत नाही, तरी तो आता कोरोफियम या नळी बांधणाऱ्या अँफिपॉडाच्या गटात बसतो, आणि ते मी सांगितलेलं नाही. आणि चौथा तुमच्याच शब्दांत: ‘पायातून येणाऱ्या चिकट द्रवाला रेशीम म्हणणं हा निव्वळ काव्यात्मपणा आहे, जरा अभ्यास करून लिहावं.’

साल चुकलं, हे मान्य. 1997 च्या जागी 1979 पडलं होतं. कोरोफियम या अवाढव्य प्रजातीची फोड करून मोनोकोरोफियम, क्रॅसिकोरोफियम वगैरे नावं त्या दोघांनी 1997 मध्ये दिली. आकडा सकाळीच दुरुस्त केला. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता तो ‘जरा’. चूक दाखवायला माझी कधीच ना नाही, पण समोरच्यानं काही वाचलेलंच नाही असं गृहीत धरून बोलायची काय गरज होती? एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी दोन हिवाळे रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळा सांभाळत शेवाळ गोळा केलंय. बादलीत शेवाळ झटकायचं, तळाशी बसलेलं गाळून घ्यायचं, आणि भाताच्या शिताएवढ्या प्राण्याचा एकेक पाय सुईनं सोडवून स्लाइडवर मांडायचा. प्रत्येक पायाचं चित्र हातानं काढलेलं आहे. ‘कोळंबीवर काम कर, यात नोकरी नाही,’ असं तेव्हा एका वरिष्ठांनी तोंडावर सांगितलं होतं. ते बोलणं अजून लागतं, म्हणून तुमचं वाक्य वाचून गप्प बसवलं नाही.

रेशमाचं म्हणाल, तर मी ते डोळ्यांनी पाहिलंय. एका रात्री अँपिथोए या नळी बांधणाऱ्या प्रजातीचा एक जिवंत नर काचेच्या बशीत ठेवला आणि शेजारी शेवाळाची दोन पानं टाकली. अँफिपॉडला छातीच्या पायांच्या सात जोड्या असतात. पहिल्या दोन पकडीच्या, म्हणजे नांग्यांसारख्या. त्यानं काम सुरू केलं ते तिसऱ्या आणि चौथ्या जोडीनं. पायाचं टोक एका पानाला टेकवायचं, उचलून समोरच्या पानाला टेकवायचं, परत मागे. गोधडीला धावदोरा घालावा तसं. टेकवलेल्या दोन जागांमध्ये बारीक तंतू चमकत होता. सुईनं एक पान हलकेच ओढलं, तर दुसरं त्याच्या मागोमाग आलं. नुसता चिकट द्रव पाण्यात असा ताणून राहतो का, हे तुम्हीच सांगा.

माझ्या डोळ्यांवर विश्वास नसेल तर नसू दे. 2012 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी क्रॅसिकोरोफियम बोनेली या अँफिपॉडाच्या पायांच्या याच दोन जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायाच्या आत ग्रंथी, ग्रंथींतून निघणाऱ्या नलिका, पुढे चातीच्या आकाराची एक पोकळी, आणि नखासारख्या शेवटच्या पेरावर, टोकापाशी, बाहेर पडायचं छिद्र. स्रावात तंतुमय प्रथिनं आहेत आणि चिकट शर्करायुक्त पदार्थही. म्हणजे बार्नॅकल खडकाला ज्या प्रकारच्या डिंकानं चिकटतो त्याची आठवण यावी आणि कोळ्याच्या सुताचीही, अशी ही चीज आहे. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘सागरी रेशीम’ आहे. काव्यात्मपणाचा आरोप करायचाच असेल तर आधी त्यांच्यावर करा. चिकटपणा त्यात आहे, तो मी कुठे नाकारला? त्याच चिकटपणामुळे गाळाचे आणि वाळूचे कण नळीच्या भिंतीत पक्के बसतात. पण तंतू काढला जातो, आणि तंतू काढला की ते रेशीमच.

दुसऱ्या आक्षेपावर फार लिहीत नाही. नळी पाहून वर्गीकरण मी केलेलंच नाही, लेख नीट वाचला असता तर दिसलं असतं. अँपेलिस्का आणि कोरोफियम हे दोन्ही नळीत राहणारे, तरी वेगळ्या कुळांतले, हे दुसऱ्याच परिच्छेदात आहे. कोरोफियम वरून दाबल्यासारखा चपटा, दुसऱ्या मिशा पायांसारख्या जाडजूड, शेपटीचं शेवटचं पान आखूड आणि मांसल. अँपेलिस्का बाजूंनी चपटा, शेपटीचं पान मधोमध चिरलेलं, आणि डोक्यावर सहसा भिंगाचे चार लाल डोळे. तो नळीच्या तोंडाशी पोट वर करून पडून राहतो आणि पाण्यातून येणारं खाणं पकडतो. अँपिथोएच्या शेवटच्या पुच्छपायावर तर दोन वळलेले आकडे असतात, नळीच्या आत घट्ट धरून राहायला. कुळ ओळखायला मी आधी हे आकडेच बघतो. नळी स्लाइडवर येतच नाही.

कॅप्रेलाचं म्हणाल, तर त्याला कोरोफियमच्या गटात बसवणारं मायर्स आणि लोरी यांचं 2003 चं काम मला ठाऊक आहे. लेख नळी बांधणाऱ्यांवर होता, कॅप्रेलावर नव्हता. त्यावर इथे वाद घालायची इच्छा नाही.

लेखात साल बदललंय. ‘रेशीम’ बदलणार नाही.