नऊ तासांत लंडन म्हणे

आज ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "लंडन-मुंबई फक्त नऊ तास! जग किती जवळ आलंय." खाली अंगठ्यांची रांग. वाचून डोकंच फिरलं माझं.

नऊ तास म्हणजे विमान हवेत असतं तेवढे. माणूस घरी कधी पोचतो, ते कोण मोजणार?

बेळगावातल्या शहापूरची आमची मावशी गेली तेव्हा तिचा एकुलता एक लेक लंडनला होता. आपल्यात आईला अग्नी कुणी द्यायचा हे काय फोड करून सांगायला हवं? शीतपेटी आणली आणि वाट बघत बसलो. तिकिटावर निघायची वेळ सकाळी साडेनऊ, उतरायची रात्री साडेअकरा. मामा बोटांवर चौदा तास मोजायचे आणि पुन्हा विचारायचे, "नऊ म्हणत होता की रे?" लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, हे त्या वेळी त्यांना कोण समजावणार!

मुंबईत उतरला खरा. सरळ रेषेत मुंबई-बेळगाव जेमतेम ४०० किलोमीटर, विमानानं तासाभराचं काम. पण मध्यरात्री विमान कुठलं? टॅक्सी केली. पुणे, सातारा, मग कराडजवळ डायव्हर्जन, ट्रकांची रांग, कोल्हापूर, निपाणी. दर अर्ध्या तासाला मामांचा फोन, "कुठवर आलास बाळ?" ७,२०० किलोमीटरला जेवढा वेळ लागला, तेवढाच या शेवटच्या तुकड्याला. दारात उतरला तेव्हा बॅगेवर विमानाची पट्टी तशीच होती. चपला काढायचंही भान नव्हतं पोराला.

सांबऱ्याची, म्हणजे आपल्या बेळगाव विमानतळाची, धावपट्टी १९४२ ची, ब्रिटिशांच्या हवाई दलानं केलेली. २०१७ ला नवं टर्मिनलही झालं. बरं, दिल्लीचं थेट विमान सुरू झालं, अडीच तासांत पोचवतं, हे मान्य. पण परदेशातून येणारी आपली पोरं बहुतेक मुंबईलाच उतरतात ना? मुंबईचं विमान आहे म्हणून सांगू नका, वेळ जुळत नसेल तर ते असून काय उपयोग? सीमाभागातल्या माणसानं रात्रभर महामार्गावरच काढायची का?

राग त्या अंगठेवाल्यांवर नाही खरं तर. त्यांच्या घरी अशी वेळ आली नसेल, येऊही नये. दोष त्या पोराचाही नाही. तेरावं झाल्यावर परत निघाला, तेव्हा जाताना आणखी वेळ लागला, कारण पश्चिमेकडून येणारा वारा तोंडावर असतो. मामा सांबऱ्यापर्यंत सोडायला गेले आणि घरी येऊन घड्याळासमोर बसले.

मागणं एवढंच आहे. परदेशी विमानं रात्री मुंबईत उतरतात, त्यांना जोडून पहाटेचं एक बेळगाव विमान रोज द्या. खासदार-आमदारांना भेटायला पुढच्या आठवड्यात जाणार आहे. ज्यांची पोरं बाहेर आहेत, त्यांनी सोबत या. आणि ग्रुपवर "फक्त नऊ तास" पुन्हा टाकू नका.