रंगीत कापूस कोणी दडपलेला नाही

निळ्या, गुलाबी आणि हिरव्या बोंडांच्या छायाचित्रासह एक संदेश सध्या शेतकऱ्यांमध्ये फिरतो आहे. रंग बनवणाऱ्या कंपन्यांनी दडपलेला हा कापूस पेरला की फवारणी लागत नाही, उत्पन्न दुप्पट होते आणि कापडाचा रंग कधीच विटत नाही, असे त्यात म्हटले आहे.

छायाचित्रच आधी खोटे ठरते. निसर्गतः रंगीत रुई मिळते ती तपकिरी आणि हिरव्या छटांत. निळा कापूस कोणाच्याही शेतात पिकत नाही.

रंग विटत नाही, हे निम्मेच खरे आहे. तपकिरी रंग टॅनिनवर्गीय द्रव्यांचा असल्याने सोड्याच्या पाण्यात उकळल्यावर तो उलट गडद होतो. हिरवा रंग मात्र तंतूतील सुबेरिन या मेणचट पदार्थाच्या थरांशी जोडलेला असतो आणि उन्हात फिका पडून पिवळसर तपकिरी होत जातो. विरंजन आणि रंगाई टळल्याने पाणी व रसायने वाचतात, हा या कापसाचा खरा गुण. संदेशकर्त्याला नेमका तोच सांगावासा वाटला नाही!

फवारणीबाबतच्या गैरसमजाचे मूळ बहुधा आंध्र किनाऱ्यावरच्या 'कोकनाडा' कापसात असावे. त्याची रुई खाकी असते आणि रसशोषक किडींपुढे तो टिकाव धरतो, पण देशी जातीचा म्हणून, खाकी म्हणून नव्हे. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते ती सरकी खाण्यासाठी. रुई कोणत्या रंगाची आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते.

आता दडपण्याचा आरोप. अमेरिकेत सॅली फॉक्स यांनी १९८२ पासून तपकिरी कापसावर काम करून यंत्रावर कातता येईल इतक्या लांब धाग्याची वाणे तयार केली, तेव्हा त्यांना विरोध झाला हे खरे. परंतु तो शेजारच्या पांढऱ्या कापसाच्या उत्पादकांकडून. मधमाश्यांमार्फत परागकण इकडचे तिकडे जातात आणि जिनिंगच्या, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करण्याच्या यंत्रात अडकून राहिलेली मूठभर तपकिरी रुईही पुढच्या पांढऱ्या गाठीत ठिपके सोडते, ज्यामुळे त्या गाठीची प्रत उतरते. या धास्तीत कटकारस्थान कसले?

उत्पन्नाचा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून कोणी बियाणे विकत घेईल. रंगीत वाणांत रुईचा उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण, सहसा कमी असतो, तंतू आखूड आणि कमी ताकदीचे असतात. रंग गडद करावा तर धागा कमजोर होण्याची प्रवृत्ती दिसते आणि पैदासकारांची खरी झुंज या पेचाशी आहे. ब्राझीलच्या एम्ब्रापा या कृषी संशोधन संस्थेने अमेरिकी हिरव्या कापसाचा चांगल्या धाग्याच्या पांढऱ्या वाणाशी संकर करून 'बीआरएस वेर्दे' निवडले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे 'वैदेही-९५' हे तपकिरी वाणही अशाच चिकाटीच्या कामातून आले आहे. ते पेरायचे असेल, तर वेचणी वेगळी ठेवणारे मजूर, स्वतंत्र जिनिंग आणि बोलून ठेवलेला खरेदीदार या तिन्ही गोष्टी पेरणीआधी हाताशी हव्यात. पांढऱ्या कापसाच्या बाजारात तपकिरी ढीग नेला, तर व्यापारी त्याला खराब मालाचाच भाव देईल.