दोष देखणेपणाचा नाही

गंभीर चित्रपटात देखणा नट घेतला की प्रेक्षकाचं लक्ष विषयावरून उडतं, हे लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. लक्ष उडतं, पण चेहऱ्यामुळं नाही. तो चेहरा जपल्यामुळं. मी बीडची. आमच्याकडं दिवाळीच्या आगंमागं गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेलं जोडपं (ऊसतोडीच्या भाषेत एक ‘कोयता’) अंधारातच उसाच्या फडात शिरतं. पाचटानं, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांनी, हात, मान, गाल सगळं ओरखडून निघतं. पडद्यावरच्या मजुराची मात्र दाढी कोरलेली अन् मान नितळ! मग नजर तिथंच अडकणार ना?

‘निशांत’ (१९७५) हा चित्रपट आठवा. गिरीश कर्नाड काय कमी देखणे होते? पण बायकोला पळवून नेल्यावर दाद मागत फिरणारा तो मास्तर बघताना रूपाकडं लक्षच जात नाही. गोष्ट निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातली. १९४८ पर्यंत मराठवाडाही त्याच राज्यात होता, म्हणून मला ती जास्तच लागली.

नट खुशाल देखणा घ्या. फक्त शूटिंगच्या आधी त्याला अन् रंगभूषाकाराला आठवडाभर फडावर, मजुरांच्या कोपीत (झोपडीत) राहायला पाठवा.