'मोरेल' म्हातारी होती म्हणून बुडाली नाही

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ह्युरॉन सरोवरात 1966 साली बुडालेल्या 'डॅनियल जे. मोरेल' या मालवाहू बोटीचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय: "साधं तळं. त्यात 60 वर्षांची गंजकी बोट. मधोमध तुटली तरी कप्तानाने मदत मागितली नाही, आणि मागचा अर्धा भाग कुणी न चालवता पुढे निघून गेला!" खाली भुताचं चित्र. बोट तुटली आणि 29 पैकी 28 माणसं गेली, एवढं खरं. बाकीच्यात गडबड आहे.

तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा येतो. ह्युरॉन सुमारे 59,600 चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे अख्ख्या कोकण विभागाच्या जवळपास दुप्पट. नोव्हेंबरच्या वादळात तिथे 20-25 फुटांच्या लाटा उसळतात, आणि 'मोरेल' तशाच वादळात सापडली होती. 'साधं' हा शब्द तिथल्या खलाशाला ऐकवून बघा.

आता गंज. ह्युरॉनचं पाणी गोडं. खारं पाणी लोखंड खातं तशी झीज त्यात होत नाही, त्यामुळे या बोटी पिढ्यान् पिढ्या राबतात. 'मोरेल' 1906 ची, मिशिगनमध्ये बांधलेली, लोहखनिज वाहणारी. 1956 मध्ये तिला नवं इंजिन बसवलं होतं. त्याच 1906 सालची 'सेंट मेरीज चॅलेंजर' 2013 पर्यंत वाफेवर चालत होती. नुसतं वय मारत असतं तर ती कशी टिकली?

खोट पोलादात होती. 1948 च्या आधीचं जहाजी पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ व्हायचं. एकदा बारीक चीर गेली की ती थांबायची नाही, धावायची. त्यात बोट 603 फूट लांब, नऊ डब्यांच्या लोकलएवढी. लाट बरोबर मध्याखाली आली की दोन्ही टोकं लोंबतात आणि वरच्या डेकवर ताण येतो. खांद्यावरची कावड आठवा: बांबू वाकतो तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते. बांबू लवचीक असतो, हे पोलाद नव्हतं. तिची जुळी बोट 'एडवर्ड वाय. टाउनसेंड' त्याच वादळात होती. ती बंदराला लागली, पण डेकला तडा घेऊनच. पुढे 1968 मध्ये भंगारात काढण्यासाठी स्पेनला ओढून नेताना तीही अटलांटिकमध्ये तुटून बुडाली. आणि 1958 मध्ये मिशिगन सरोवरात दुभंगलेली 'कार्ल डी. ब्रॅडली' होती अवघ्या 31 वर्षांची. तीही 1948 च्या आधीचीच.

कप्तानावरचा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. या बोटींची रचना माहीत असती तर तो कुणी केलाच नसता. कप्तानाची केबिन आणि वायरलेस पार पुढच्या टोकाला. बॉयलर, इंजिन, जनरेटर मागच्या टोकाला. मधे सगळं मालाचं पोट. 29 नोव्हेंबरला पहाटे दोनच्या सुमारास बोट मधे फाटू लागली तशा वीज नेणाऱ्या तारा तुटल्या. पुढे काळोख, वायरलेस मुकं. मदत मागायची कशाने?

भुताचा उलगडाही इथेच होतो. मागच्या भागात वाफ होती, दिवे होते, बोट ढकलणारा पंखा फिरत होता. पुढचे लोक तराफ्यावर चढत असताना अंधारातून एक उजेड त्यांच्याकडे येताना दिसला. त्यांना वाटलं, दुसरी बोट धावून आली. ती त्यांच्याच बोटीची मागची बाजू होती. दोन्ही तुकडे तळाशी सुमारे पाच मैलांच्या अंतरावर पडलेत.

संतापच करायचा असेल तर जागा दुसरी आहे. बोट बेपत्ता असल्याची खबर दिली गेली ती 30 तारखेच्या दुपारी, तुटल्यावर तब्बल 34 तासांनी. तोवर तराफ्यावरच्या चौघांपैकी तिघे गारठून मेले होते. चौथा, डेनिस हेल, अंगात कोट, लाइफ जॅकेट आणि खाली नुसती चड्डी, अशा अवस्थेत त्यांच्याशेजारी पडून होता. हेलिकॉप्टरला तो सापडला त्याच दुपारी चारच्या सुमारास. या 34 तासांबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही.