अ‍ॅनफिल्डला जमलं ते ओल्ड ट्रॅफर्डला का जमणार नाही : नेरूळच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

ओल्ड ट्रॅफर्ड या आपल्या जुन्या स्टेडियमची डागडुजी करत बसण्यापेक्षा मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने शेजारीच नवं स्टेडियम बांधावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ठाण्यात बसून मँचेस्टरला अक्कल शिकवू नका; तुमच्यासारख्या बिल्डरधार्जिण्या लोकांना जुन्या वास्तूत फक्त एफएसआय दिसतो; अ‍ॅनफिल्डला (लिव्हरपूलच्या स्टेडियमला) आहे त्या जागीच वाढवता आलं, मग ओल्ड ट्रॅफर्डला का नाही; नव्या स्टेडियमवर गेलेल्या वेस्ट हॅम क्लबचे हाल बघा; तिकिटं महागतील; आणि १९१० पासून स्टेडियम जसंच्या तसं उभं आहे हे तुमचं वाक्य साफ चूक आहे.

आधी 'बिल्डरधार्जिणे' या शब्दाबद्दल. तो मला लागला. स्ट्रक्चरल ऑडिट हे माझं पंचवीस वर्षांचं काम आहे. नौपाड्यातल्या आणि पाचपाखाडीतल्या ज्या इमारती दुरुस्तीने उभ्या राहू शकतात, त्यांच्या अहवालात मी दुरुस्तीच लिहितो, समोर कोणीही बसलेलं असलं तरी. लेख पटला नाही तर तसं लिहा, मुद्दा खोडून काढा. ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याच्या हेतूवर शिंतोडे कशाला उडवायचे? 'ठाण्यात बसून' म्हणालात, पण नेरूळ काही मँचेस्टरला लागून नाही. दोघांनाही बोलायचा सारखाच हक्क आहे.

आता चूक. ती माझी आहे आणि ती मान्य. मार्च १९४१ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर जर्मन बॉम्ब पडले, मुख्य स्टँड उद्ध्वस्त झाला आणि युनायटेडला १९४९ पर्यंत मँचेस्टर सिटी क्लबच्या 'मेन रोड' या मैदानावर जाऊन खेळावं लागलं. १९१० च्या मूळ बांधकामातला आज उरलाय तो दक्षिण बाजूच्या स्टँडमधला खेळाडूंचा जुना बोगदा. 'जसंच्या तसं' हे शब्द मी लेखातून काढले आहेत. पण या दुरुस्तीने तुमचीच बाजू लंगडी होते, हे तुमच्या लक्षात आलं का? उत्तरेचा तीन मजली स्टँड १९९६ चा, वायव्य आणि ईशान्य कोपऱ्यांवरचे मजले २००६ चे. मग वारसा म्हणून नेमकं काय राखायचं? तो बोगदा जपावाच, नव्या आवारात त्याला मानाची जागा द्यावी, याबद्दल माझं दुमत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं उत्तर देण्याजोगं वाक्य एकच, अ‍ॅनफिल्डचं. ते नीट घेऊ.

अ‍ॅनफिल्डच्या मुख्य स्टँडचं काम डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. पद्धत अशी, की जुन्या स्टँडला हात न लावता त्याच्या पाठीमागे नवी पोलादी चौकट उभी करायची. मोसम चालू, सामने चालू, मागे क्रेन चालू. २०१६ च्या उन्हाळ्यात मोसम संपला की जुनं छत काढायचं आणि नवे मजले जुन्या भागाला जोडायचे. तेवढ्यासाठीही लिव्हरपूलला नव्या मोसमाचे पहिले तीन लीग सामने बाहेर खेळावे लागले. सुमारे ८,५०० खुर्च्या वाढल्या. पण मागे जागा होती म्हणून हे झालं, आणि तीही आपोआप मिळाली नव्हती. लोथेर रोडवरची घरं वर्षानुवर्षं विकत घेत, रिकामी पाडून ठेवत ती जागा तयार झाली. गल्ली ओसाड पडली, राहिलेल्यांचे हाल झाले. 'आहे त्या जागीच' म्हणताना हेही त्यात धरा.

दुसरा टप्पा अ‍ॅनफिल्ड रोड स्टँडचा, सुमारे ७,००० खुर्च्यांचा. पद्धत तीच. २०२३ मध्ये मुख्य कंत्राटदार बुडाला आणि काम रखडलं. ज्यांच्या सोसायटीचा बिल्डर मध्येच गायब झालाय, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता ओल्ड ट्रॅफर्ड. उत्तर, पूर्व, पश्चिम या तिन्ही बाजू आधीच वाढवून झाल्या आहेत. उरली दक्षिण, म्हणजे सर बॉबी चार्ल्टन स्टँड. तो एकमजली आहे आणि त्याच्या पाठीला चिकटून मँचेस्टर–लिव्हरपूल रेल्वे जाते. स्टेडियमच्या नावाचा छोटा थांबाही तिथेच आहे. रुळांच्या पलीकडे लोकांची घरं. वर मजला चढवायचा तर जुने कॉलम आणि पाया तो भार घेणार नाहीत, कारण ते त्या भारासाठी बांधलेलेच नाहीत. नवे कॉलम मागे घ्यावे लागणार, म्हणजे एकतर रेल्वेच्या हद्दीत किंवा रुळांवर आडवे गर्डर टाकून पलीकडे. चालू मार्गावरून क्रेनने तुळई फिरवायची असेल तर वाहतूक बंदच ठेवावी लागते. आपल्या भाषेत मेगाब्लॉक. २०२४ मध्ये ठाणे स्थानकात पाच-सहा नंबरचा फलाट फक्त रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला होता, तुम्हीही त्यात अडकला असाल. इथे तर रुळांच्या डोक्यावर अख्खा स्टँड चढवायचा आहे.

बरं, चढवला. माणसं उतरवायची कुठून? ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेसाठी 'ग्रीन गाइड' वापरतात. त्याचा हिशेब असा, की पायऱ्यांवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ६६ माणसं जातात आणि सामना सुटल्यावर सगळे आठ मिनिटांत मोकळ्या बाहेरच्या वाटेला लागले पाहिजेत. म्हणजे एका मीटरमागे ५२८ माणसं. १०,००० प्रेक्षक वाढवले तर जवळपास १९ मीटर रुंदीचे जिने वाढवा, १.२ मीटरचा एक धरला तर १६ जिने. स्टँडच्या मागे रूळ असताना हे जिने कुठे उतरवणार? ब्रॅडफर्डच्या स्टेडियममधल्या १९८५ च्या आगीत ५६ आणि हिल्सबरो स्टेडियममधल्या १९८९ च्या चेंगराचेंगरीत ९७ माणसं गेली. हे आकडे कागद सजवायला लिहिलेले नाहीत.

'मजला नको, आहे ते ठीकठाक करा' असं कोणी म्हणेल, म्हणून तेही मोजून दाखवतो. जुन्या स्टँडमध्ये गुडघे पुढच्या खुर्चीला लागतात. समजा, एका रांगेची खोली ७० सेंटीमीटर आहे आणि पायरीची उंची ३६. पुढच्या माणसाचा डोळा टचलाइनपासून (मैदानाच्या कडेच्या रेषेपासून) ४० मीटर लांब आणि १५ मीटर उंच. तर मागच्याची नजर त्या डोळ्याच्या पातळीपेक्षा साधारण ९६ मिलिमीटर वरून जाते. याला सी-व्हॅल्यू म्हणतात. ९० असली की बरी, ६० हा तळ. आता पाय ठेवायला जागा हवी म्हणून खोली ८० केली, पायरी तीच ठेवली, तर ९६ चे ५९ होतात. मागच्याला कॉर्नर फ्लॅगऐवजी पुढच्याचं टक्कल दिसणार. शिवाय ३० रांगांच्या जागेत २६ च बसतात. पायऱ्या उंच करायच्या तर सगळे बसायचे स्लॅब काढून नवे टाकायचे आणि छतही वर उचलायचं. याला डागडुजी म्हणत नाहीत. तुम्ही नेरूळला राहता, डी. वाय. पाटील स्टेडियमचं खांबाशिवाय पुढे झेपावलेलं छत बघितलंच असेल. तिथे कुठेही बसा, मधे काही येत नाही. ते पहिल्यापासून तसं आखलं म्हणून जमलं.

छताच्या गळतीवर तर तुम्ही बोललाच नाहीत. १२ मे २०२४ ला आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर छताच्या टोकावरून धबधब्यासारखं पाणी प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर कोसळलं. वॉटरप्रूफिंग हा त्यावरचा इलाज नाही. कोपरे नंतर भरले, छतं वेगवेगळ्या काळात जोडली. अशा वेळी सांध्यातले पन्हळ आणि उतार एकमेकांशी जुळले नाहीत, तर प्रत्येक जोरदार सरीत पाणी सांध्यावरच तुंबतं. जुन्या गच्चीला दोनदा पत्र्याची शेड जोडलेली कोणतीही इमारत बघा.

पुनर्विकासात आणखी एक प्रश्न असतो: तोवर राहायचं कुठे? बार्सिलोना २०२३ मध्ये मोंजुइकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर गेला, २०२४ च्या अखेरीस परतायचं होतं, परतायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. लंडनच्या टॉटनहॅम क्लबला जवळपास दोन मोसम वेंबली स्टेडियमवर काढावे लागले; नव्या स्टेडियमची सप्टेंबर २०१८ ची तारीख सुरक्षा यंत्रणेतल्या दोषांमुळे एप्रिल २०१९ वर गेली. संक्रमण शिबिराची तारीख कधी पाळली जाते का? युनायटेडने मार्च २०२५ मध्ये जी योजना मांडली, एक लाख प्रेक्षकांची, फॉस्टर अँड पार्टनर्सच्या आराखड्याची, सुमारे दोन अब्ज पौंडांची, तिचा मोठा फायदा हा की नवं पूर्ण होईपर्यंत जुन्यात खेळता येतं. पत्ताही तोच राहतो. त्या योजनेतली खरी अडचण शेजारच्या मालगाड्यांच्या टर्मिनलची जमीन आहे. तुम्ही त्यावर बोट ठेवलं असतं तर मी गप्प बसून ऐकलं असतं.

वेस्ट हॅमचं उदाहरण इथे लागू नाही. ते स्टेडियम २०१२ च्या ऑलिंपिकच्या धावपट्टीभोवती बांधलेलं, म्हणून खुर्च्या मैदानापासून लांब. फुटबॉलसाठीच आखलेल्या स्टेडियमला तो दोष का चिकटवायचा? तिकिटांचा विषय वेगळा आहे, त्यावर इथे बोलत नाही.

१९९६ पासून मी या क्लबचा आहे. ओल्ड ट्रॅफर्ड पाडायचं लिहिताना हात जड झाला होता, हे तुम्हाला पटो न पटो. पण भावना तुमच्याकडेच आहेत आणि माझ्याकडे फक्त कॅल्क्युलेटर, असं गृहीत धरून पुढचं लिहू नका. लिहायचंच असेल तर दक्षिण बाजूचा नकाशा समोर घ्या. रूळ, थांबा, पलीकडची घरं, सगळं त्यावर आहे. नवे कॉलम कुठे उतरवायचे, १६ जिने कुठे सोडायचे आणि क्रेन कुठे उभी करायची, एवढं त्यावर खूण करून पाठवा. मी ते जसंच्या तसं इथे लावीन.