नोकरी दिली, पण जिन्याचं काय?

फॅमिली ग्रुपवर परवा परत तोच विषय. अपंगांना सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव कशाला, निम्मी सर्टिफिकेटं बोगस असतात, वगैरे. अहो बोगसवाल्यांना पकडा ना, जरूर पकडा, पण त्यांच्यापायी खऱ्या माणसाकडे का संशयाने बघता?

मी नऊ वर्षं जर्मनीत आहे, त्यामुळे "तुला तिकडे बसून काय कळतंय" हे येणारच. पण ज्याच्याबद्दल बोलतेय तो लालबागचा माझा मामेभाऊ आहे. लहानपणी पोलिओ झाला, पायाला आधार देणारं कॅलिपर घालून चालतो. २०१६ च्या कायद्याने ३ चे ४ टक्के झाले, त्यानंतर दादाला नोकरी लागली, मामीने अख्ख्या चाळीत पेढे वाटले. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! लोकलच्या अपंगांच्या डब्यात धडधाकट माणसं घुसलेली, त्यातून कसाबसा उतरायचा, मग जेवणाच्या डब्याची पिशवी गळ्यात अडकवून कठडा धरून एकेक पायरी. संडास तळमजल्यावर, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही तो. हे मला मामीकडून कळलं, तो स्वतः बोलत नाही.

इथे जर्मनीत कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर ५ टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना द्याव्या लागतात, नाहीतर रिकाम्या जागेमागे दर महिन्याला पैसे भरा. सगळं छान आहे असं नाही, बऱ्याच कंपन्या एकालाही न घेता सरळ पैसे भरतात आणि अपंगांसाठीच्या वेगळ्या वर्कशॉपमध्ये तर किमान वेतनही लागू नाही, त्याचा मला रागच येतो. पण तो जमा झालेला पैसा कामाची जागा नीट करायला वापरतात हे मला फार पटतं. माझ्या टीममधल्या एकाला दिसत नाही. त्याच्या कीबोर्डखाली ब्रेलची पट्टी आहे, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके वरखाली होतात आणि माझी मेल तो बोटांनी माझ्याआधी वाचून संपवतो. एवढी महागडी वस्तू, पण कंपनीला खिशात हात घालावा लागला नाही.

आपल्याकडे खाजगी मालकाने अपंगाला नोकरी दिली तर मालकाचा पीएफचा वाटा ३ वर्षं सरकार भरेल अशी योजना २००८ मध्ये आली, चांगलीच आहे, पण त्यातून रॅम्प होत नाही. महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी वेगळा सरकारी विभाग काढलाय, तर त्याच विभागाने रॅम्प, लिफ्ट, संडास, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर यासाठी फंड ठेवावा, सरकारी ऑफिस असो की खाजगी, अर्ज केला की महिन्याभरात मंजुरी. दादाने तर लिफ्ट दुरुस्तीचं कोटेशनसुद्धा स्वतः आणून अर्जाला जोडलं होतं. ते अजून फायलीतच आहे.